पूर्वेकडे पाय

कबरीचा दगड दारात येऊन पडला त्या सकाळी कुंडलिकाने भाकरीला हात लावला नाही, तेव्हाच गोजरबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिचा हा धाकटा गिरणीच्या सुतारखात्यात होता आणि जेवणाच्या बाबतीत त्याने आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. गेल्या वर्षी गोऱ्या सरकारच्या मार्शल लॉच्या दिवसांत गिरण्या बंद पडल्या, घरात पीठ बेताबेताने भिजवत होते, तेव्हाही त्याच्या ताटात कधी चतकोर उरला नव्हता. आज मात्र तो उंबऱ्यावर बसून नुसता दगडाकडे बघत होता आणि भाकरी वाळत चालली होती.

दगड चांगला होता, त्यात वाद नाही. शहाबादी फरशी, माणसाच्या कंबरेइतकी उंच. मजकूर थोरल्याने, शांतवन मास्तरने लिहून दिला होता, आणि मिशनच्या शाळेत मास्तर असल्यामुळे त्याने तो सगळ्यांना दोनदा वाचूनही दाखवला होता: 'रावजी प्रचारक. प्रभूच्या येण्याची वाट पाहत आहे.' गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण गेले, वारले असलं काही त्यावर कोरलेलं नाही, हे तिला फार बरं वाटलं. तिचा नवरा गेला बिला नव्हताच तिच्या लेखी. मोहोळच्या बाजूला फिरतीवर गेला की आठ-आठ दिवस यायचा नाही, तसाच तो आता वर्षभर आला नव्हता.

बेत साधा होता. ऊन जरा कललं की कुंडलिकाने पुढे होऊन दगड रोवायचा, आणि पाच वाजता पाळकसाहेब व ख्रिस्ती मंडळीतली माणसं कबरस्थानात आली की वर्षाची प्रार्थना करायची. मैंदर्गीला दिलेली थोरली लेक बजाबाई आदल्या दिवशीच येऊन पोचली होती आणि आल्यापासून तिने भावजयीच्या चुलीपासून शेजारणीच्या लेकरापर्यंत सगळ्यांना सुधारायला घेतलं होतं.

"पहार घेतलीस?" शांतवनने कोटाचं बटण लावत विचारलं. मे महिन्याच्या उन्हातही तो कोट सोडत नसे.

"घेतली."

"आणि दोर?"

"दोर बी घेतलाय." कुंडलिक उठला. "दादा, दगड कुटं रोवायचा?"

"कुठे म्हणजे? डोक्याशी. पश्चिमेला. सगळ्यांचा असतो तसा."

कुंडलिकाने पहार भिंतीला टेकवून ठेवली. "आबांचं डोकं पश्चिमेला न्हाय," तो म्हणाला. "पूर्वेला हाय. आबा उलटं गेल्यात दादा. मी बघितलं हुतं."

बजाबाईने शेजारणीच्या लेकराला सुधारणं अर्धवट सोडलं, यावरून काय ते समजावं.

ज्याला या मंडळीची रीत ठाऊक नाही त्याला वाटेल, माती ती माती, इकडून काय आणि तिकडून काय. पण इथे माणूस पुरायचा तो डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करूनच. प्रभू येणार तो पूर्वेकडून. तो आला, हाक दिली, की मेलेला माणूस उठून बसणार तो थेट त्याच्याकडे तोंड करून. ही रीत मोहोळपासून माढ्यापर्यंतच्या खेड्यांत ज्याने पायपीट करून रुजवली तो हाच रावजी. कुणाच्या दारात माणूस गेला की रावजी आधी खड्डा बघायला जायचा. एकदा तर तिरडी उलटी आली म्हणून हा खड्ड्यात उतरून उभा राहिला आणि म्हणाला, "फिरवा, न्हायतर मलाबी हितंच झाका." लोक हसले, पण त्यांनी तिरडी फिरवली. आणि रोज सकाळी अंथरुणातून उठला की दार उघडून पूर्वेला बघायचा आणि विचारायचा, "आज का?" क्षणभर थांबायचा. मग "बरं, मग कामाला लागतो," म्हणून अंथरूण गुंडाळायचा. चाळीस वर्षं गोजरबाईची सकाळ या दोन वाक्यांनी उजाडली. आणि अख्ख्या मुलखाची तोंडं पूर्वेला वळवणारा हा माणूसच तेवढा पाठ करून निजला होता.

"नीट सांग," शांतवन म्हणाला. त्याचा आवाज वर्गातला झाला होता.

कुंडलिकाने सांगितलं. ते सांगायला त्याला वर्ष लागलं होतं, पण सांगून झालं दोन मिनिटांत. आबा गेले ते ऐन मार्शल लॉमध्ये. बाहेर फिरायची बंदी, बायकांना घराबाहेर काढायची सोय नाही, आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. सुताराकडे जायला वेळ नव्हता. गिरणीत यंत्राचे सुटे भाग यायचे त्या देवदारी खोक्यांच्या फळ्या कुंडलिकाकडे पडून होत्या, त्यांचीच त्याने पेटी केली. पण ती सरळ झाली, दोन्हीकडे सारख्याच रुंदीची. खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती करायला उसंत कुठे होती! एका फळीवर ठशाची काळी इंग्रजी अक्षरं होती. आबांच्या डोक्याशी विलायती मालाचं नाव नको म्हणून त्याने ती फळी मुद्दाम पायाच्या बाजूला ठोकली. वरून चादर घातली. कबरस्थानाच्या फाटकात पेटी आडवी-उभी करत आत घेतली, आणि त्या गडबडीत कोण कुठल्या बाजूला आला कुणाला कळलं नाही.

"खाली सोडताना चादर काढली," कुंडलिक म्हणाला. "दोर माझ्या हातात हुता. बघतो तर अक्षरं पश्चिमेला. पेटी निम्मी खाली गेलेली. तुमी प्रार्थना वाचत हुता. दिवस टेकला हुता. मी... माझं तोंडच उघडलं न्हाय दादा."

"अय्यो देवरे!" बजाबाईला आता कंठ फुटला. "अरं मेल्या, वर्सभर गप बसलास व्हय? आबानं तुला खांद्यावर घिऊन गावं फिरवली, अन् तू त्यास्नी उलटं टाकून आलास! आता त्या दिवशी सगळा मुलूख उठून प्रभूकडं बगंल, अन् आमचा आबा बगंल गिरणीच्या चिमणीकडं!"

कबरस्थानाच्या पश्चिमेला गिरणीची चिमणी होती हे खरं होतं. कुंडलिकाने मान खाली घातली.

कुंडलिकाची बायको वच्छला चुलीपाशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं. नवरा झोपेत दचकायचा, आणि एका सकाळी तिने त्याला खडसावून विचारलं तेव्हा त्याने सगळं ओकलं होतं. तिला वाटलं होतं, कळल्यावर सासू नवऱ्याला घराबाहेर काढेल. पण सासू लेकाकडे बघतच नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"हे पाहा," शांतवन म्हणाला, "झालं ते झालं. दगड पश्चिमेलाच लावू. रांगेत सगळ्यांचे आहेत तसाच. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसेल. पाळकसाहेबांना, मंडळीला सांगायची गरज नाही. प्रभूला काय दिशेचं बंधन आहे?"

"म्हंजी आबांच्या पायावर त्यांचं नाव?" कुंडलिकाने मान वर केली. "मी न्हाय लावनार. एकदा गप बसलो, तेवढं बास झालं."

"मग काय करणार?"

"उकरनार. फिरवनार."

"बरोबर हाय!" बजाबाई आता धाकट्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आत्ताच तिने त्याला मेल्या म्हटलं होतं, पण बजाबाईचं भांडण कधीच एका माणसाशी फार वेळ टिकायचं नाही. "उकरा. आबानं खड्ड्यात उतरून दुसऱ्याची माती फिरवली, मग आपन त्याची न्हाई फिरवायची? चिंगूस काय तू मास्तर!"

"आक्का, चिंगूसपणाचा काय संबंध! परवानगी लागते. लोक काय म्हणतील? प्रचारकाच्या पोरांना बाप नीट पुरता आला नाही म्हणून—"

"पुरता आला न्हाईच की!"

"भावजी," वच्छला मधेच बोलली, आणि आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, "लोकांचं राहू द्या. आत्यांना तर विचारा."

सगळे गोजरबाईकडे वळले.

गोजरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "रोज इचारायचे," ती म्हणाली. "आज का, आज का. चाळीस वर्सं. ज्या दिवशी 'व्हय, आज' म्हनून हाक यील, त्या दिवशी त्यास्नीच दिसायचा न्हाय." मग ती हमसून रडली.

शांतवनला बापाच्या मातीचा दिवस आठवला. त्या दिवशी त्याने प्रार्थनेची दोन पानं गाळली होती. सूर्य बुडत होता म्हणून. वाचताना एकदाही डोळे वर केले नव्हते. केले असते तर काळी अक्षरं त्यालाही दिसली असती, आणि इंग्रजी तर या घरात फक्त त्यालाच वाचता येत होतं. तुझं लक्ष कुठे होतं, असं वर्षभर कुणी त्याला विचारलं नव्हतं, आणि धाकट्याने आताही विचारलं नाही.

"उकरू," तो एकदम म्हणाला. "आई, रडू नकोस. मी पाळकसाहेबांकडे जातो. परवानगी मी आणतो. चूक माझीपण आहे."

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं आणि उठली. "आदी मला तितं न्या," ती म्हणाली. "मग काय करायचं ते करा."

कबरस्थान फार लांब नव्हतं, पण उन्हाने रस्ता तापला होता. दगड हातगाड्यावर घालून कुंडलिक पुढे, मागे सगळे. फाटकाशी लिंबाखाली कासीम बसला होता. या कबरस्थानातले खड्डे तोच खणायचा आणि पलीकडे आपल्या लोकांच्या कबरस्थानातलेही तोच. दोन्हीकडच्या दिशा त्याला तोंडपाठ होत्या, आणि आपल्या हातचा खड्डा कधी तिरका गेला नाही याचा त्याला अभिमान होता.

शांतवनने त्याला सगळं सांगितलं. कासीमने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खोलने का नक्को मास्तर," तो म्हणाला. "साल हो गया. काली मट्टी है, उप्पर से पिछले साल का पानी. देवदार की पेटी कित्ते दिन टिकती? अंदर अब पेटी नै, के उचलके फिरा दिया. क्या फिराते तुम? फावड़े से फिराते क्या बाप को?"

कुंडलिकाचा चेहरा उतरला. ती पेटी त्याने स्वतः ठोकली होती. देवदार काळ्या मातीत किती दिवस दम धरतं हे गिरणीतल्या दुसऱ्या कुणी नाही, त्यानेच सांगायला हवं होतं. त्याने ते वर्षभर मनात येऊ दिलं नव्हतं.

"नको दादा," तो म्हणाला. "कासीमचाचा बरोबर बोलतोय. फावडं नको लावायला."

"आता तू बी फिरलास व्हय?" बजाबाई कडाडली. "घरातनं निगताना उकरू म्हनलास!"

"घरात पेटी दिसत हुती मला आक्का. आता न्हाय दिसत."

"मग आबा असाच राहनार?"

"मला तरी कुटं कळतंय!"

"मला वाटतं," शांतवन म्हणाला, "मघाशी मी म्हणालो तेच—"

"तू गप रे मास्तर! तू तर दोनदा फिरलास!"

कबरीच्या या बाजूला बजाबाई, त्या बाजूला दोघे भाऊ, आणि कासीम कुदळीवर हात ठेवून मधेच. रावजीने जन्मभर लोकांची भांडणं मिटवली होती, आणि आता त्याच्या अंगावर त्याची पोरं भांडत होती. वच्छलाने सासूचा हात धरला होता. सासूने तो हळूच सोडवला.

"कुंडलिक," गोजरबाई म्हणाली, "डोकं कुटं हाय ते दाव."

त्याने पूर्वेच्या टोकाला बोट केलं. गोजरबाई तिथे जाऊन खाली बसली. मातीवर हात ठेवला. मग तिने पश्चिमेच्या टोकाकडे पाहिलं, जिथे तिच्या बसण्याने गवत मोडलं होतं.

"वर्सभर दर रईवारी मी तिकडं बसून बोलत हुते," ती म्हणाली. "घरचं, दारचं, वच्छलाचं आंबलेलं वरन. सगळं पायास्नी सांगितलं मी."

वच्छलाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. मग बजाबाई हसली, आणि तिचं हसणं म्हणजे अर्ध्या कबरस्थानाला ऐकू जाणारं. शांतवन हसला नाही, पण त्याने कोटाचं वरचं बटण काढलं.

"कासीमभाई, माझी जागा कुटली?" गोजरबाईने विचारलं.

"हौ, येच ना. बाजू की. तुम्हारे नाम की रखी है."

गोजरबाई उठली आणि त्या मोकळ्या जागेत गेली. कुणाला काही कळायच्या आत ती पश्चिमेकडे पाठ करून, पूर्वेकडे पाय पसरून सरळ खाली बसली.

"आई!" शांतवन ओरडला. "हे काय करतेस? उठ, लोक बघतील!"

"बघू दे." ती पाय सरळ करून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. समोर बघितलं. मग जरा डावीकडे, जिथे पूर्वेच्या टोकाला तिच्या नवऱ्याचं डोकं होतं. ती बराच वेळ तशीच बघत राहिली. तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या एकेक करून मोकळ्या झाल्या.

"मला अशीच ठेवायची," ती म्हणाली. "डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. मंडळीच्या रीतीनं. त्यात बदल करायचा न्हाय. अन् ह्यांना हात लावायचा न्हाय. कुंडलिक, दगड ह्यांच्या डोक्याशी रोव. पूर्वेला. खरं हाय तितं."

"आये, मी—" कुंडलिक पुढे झाला.

"तुला दोर हातात असून बोलता आलं न्हाय. मला ठाव हाय, तू असाच हायेस, लहानपनापासनं. पन आज बोललास." तिने हात पुढे केला. "उठीव मला. कंबर धरली."

त्याने तिला उठवलं आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पिशवीतली वाळलेली भाकरी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्या-उभ्याच खाल्ली.

दगड रोवायला तासभर लागला. कासीमने खड्डा घेतला, दोघा भावांनी दगड उतरवला, बजाबाईने दगडाएवढाच जड सल्ला पुरवला. पाचच्या सुमारास पाळकसाहेब आले, मागोमाग मंडळीतली दहा-पंधरा माणसं. रांगेतले सगळे दगड पश्चिमेला, आणि रावजी प्रचारकाचा एकट्याचा पूर्वेला. हे न दिसायला माणूस आंधळाच असावा लागला असता. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मास्तर," पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "दगडाची बाजू चुकली वाटतं."

शांतवनने घसा खाकरला. "दगड बरोबर आहे साहेब. आमची चूक झाली ती त्या दिवशी झाली. पेटी उलटी गेली. मी प्रार्थना वाचत होतो, आणि माझं लक्ष नव्हतं." हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, आणि बोलल्यावर त्याला सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

माणसांत कुजबुज झाली. माढ्याकडची एक म्हातारी, जिचा नवरा रावजीनेच पूर्वेला पाय करून ठेवला होता, हळहळली. "अगं बाई! प्रचारकच पाठमोरं? गोजरबाई, आता गं कसं करायचं?"

गोजरबाई ताठ उभी होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

"कसं करायचं म्हंजी? मी बाजूलाच हाय की. माझे पाय पूर्वेला. त्या दिवशी उठून बसलो, की त्यांचं तोंड माझ्याकडं अन् माझं पूर्वेकडं. जल्मभर हे मानूस सांगत फिरलं, प्रभू येनार, प्रभू येनार. मोहोळला सांगितलं, माढ्याला सांगितलं, मला तर रोज सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना एकदा तरी मी कायतरी सांगावं. आता बगा, पयला मला दिसनार."

"आणि मग?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मग काय! म्हनीन, अवो, माझ्याकडं काय बगताय? मागं वळा. आला."